गाव बाहेर, फोन घरात

यंदा पुन्हा कौल झाला. देवाने होकार दिला. परवा सकाळी देवळात नगारा वाजेल आणि आमचा अख्खा गाव उठून वेशीबाहेर राहायला जाईल. अख्खा म्हणजे माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, तान्ही पोरं, त्यांचे पाळणे, आणि ज्यांना उठवत नाही अशा म्हाताऱ्या, खुर्चीसकट. घरांना कड्या लागतील, चुली विझतील. तीन दिवस गावात पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही. मग देवाला पुन्हा विचारायचं, आणि त्याने 'या' म्हटलं की यायचं. याला आमच्या आचऱ्यात गावपळण म्हणतात. दर तीन-चार वर्षांनी ती येते, दिवाळी उलटून भातं झोडून झाली की.

बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "का?" या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही आणि त्यावाचून आमचं काही अडलेलंही नाही. दारावर मासे विकायला येणाऱ्या चंद्राक्काला मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, "तीन दिस आपण भायर, ते भितर." ते म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं एवढं मला त्या वयातही कळलं.

आता सगळीकडे झावळ्या तोडल्याचे आवाज येतायत. खाडीपलीकडच्या माळावर झोपड्या उभ्या राहतायत. सकाळी ओल्या पेंढ्याचा वास आणि वर कुणाच्या तरी घरच्या भाजलेल्या कुळथाचा. लोकांना या वासाने सुट्टी आठवते, फुगड्या आठवतात, उघड्यावर शिजवलेली बांगड्याची कढी आठवते. मला कॉम्प्युटर आठवतो. हसू नका. म्हणजे हसा, पण जरा थांबून.

माझा धंदा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा. लग्न, जत्रा, निवडणूक, तेरावं, जिथे माणूस जमतो तिथे माझा कर्णा आधी पोचतो. शिवाय दशावताराचा नाद. हौशी मंडळात मी राक्षस करायचो. आवाज मूळचाच असा की माइक लावला तर लोक कानांवर हात ठेवत. शतक संपायला आलं तेव्हा मी कुडाळच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून एक कॉम्प्युटर उचलला, म्हटलं जत्रेची हँडबिलं आपणच छापू. तो आला, टेबलावर बसला, आणि पुढच्याच पावसात वत्सला कोल्हापूरला गेली.

वत्सला माझी बायको. कोल्हापूरची. मुलगी तेव्हा मुंबईत शिकायला होती, घरात आम्ही दोघंच. भावजयीचं ऑपरेशन होतं म्हणून पंधरा दिवसांसाठी गेली. पंधराचा महिना झाला, महिन्याचे दोन. भांडण नाही, तंटा नाही. रागावून गेली असती तर औषध मला माहीत होतं, चार सोंगं केली असती, हसवली असती. पण ती शांतपणे म्हणाली होती, "मला जरा राहू द्या तिथं. फोन मी करीन. तुम्ही करू नका." आणि एसटीत बसली. खिडकीतून हात केला तो टाटा करायला की ऊन अडवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर मी फोनची वाट बघायला लागलो. आता फोनची वाट बघणं हे फार वाईट काम आहे. मासा गळाला लागायची वाट बघताना निदान पाण्याकडे बघता येतं. फोनकडे किती बघणार? काळा, गोल तबकडीचा, बैठ्या बेडकासारखा. मी बाहेर जाणं सोडलं. मंडपाच्या कामावर गड्यांना पाठवायचो. राक्षसाचं काम दुसऱ्याला दिलं, त्याला शोभलं नाही ते सोडा. दिवसभर घरात, फोनच्या हाताच्या अंतरावर. आणि त्या अंतरावर दुसरं काय होतं? कॉम्प्युटर.

असा मी कॉम्प्युटर शिकलो. शिकवणी लावून नव्हे, राखण करता करता.

इंटरनेट मात्र घेतलं नाही. सगळे म्हणायचे घे, जग घरात येतं. पण त्या काळी जग फोनच्याच तारेतून यायचं, आणि ते घरात असेपर्यंत फोन एंगेज लागायचा. जग आलं आणि नेमकी तेवढ्यात वत्सला आली तर? जगाला म्हटलं, तू बाहेरच थांब.

मग कणकवलीला एक जण कॉम्प्युटरची मासिकं ठेवायचा. प्रत्येक मासिकाबरोबर एक सीडी चिकटवलेली, आणि सीडीत शंभर प्रोग्राम. मी गड्याला पाठवून आणवायचो. काय नव्हतं त्यात! चित्र काढायचे, फोटो उजळायचे, कुंडली मांडायचे, कुलूप लावायचे, कुलूप तोडायचे. स्वयंपाकघरात नवी सून शिरावी आणि तिने प्रत्येक डबा उघडून हुंगावा, तसा मी एकेक प्रोग्राम उघडून बघायचो.

कुंडलीचा प्रोग्राम लावला तेव्हा आधी माझी आणि वत्सलाची पत्रिका जुळवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा उद्योग कुणी करू नये. यंत्राने सांगितलं, गुण कमी, विवाह विचारपूर्वक करावा. मी विचारपूर्वक माझी जन्मवेळ दहा मिनिटं पुढे सरकवली. थोडा फरक पडला. अजून सरकवली. दुपारभर मी स्वतःला मागेपुढे जन्माला घालत होतो. शेवटी एका वेळेला गुण उत्तम जुळले. त्या वेळी माझ्या आईने मला जन्म दिला असता तर सगळं छान होतं. अडचण एवढीच, की त्या वेळेला मी जन्मून चांगला तासाभराचा झालो होतो.

व्हायरस शोधायचा एक प्रोग्राम होता. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी तो लावायचो. घर तपासल्यासारखा तो कप्पे-कप्पे हुडकायचा आणि शेवटी सांगायचा, एकही धोका सापडला नाही. दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य असायचं. मी त्याला "बरं झालं" म्हणायचो.

आणि एक होता, तो डिस्क आवरायचा. पडद्यावर रंगीत चौकोनच चौकोन, आणि ते एकामागून एक उचलून जागच्या जागी लागत जायचे. रापणीचं जाळं किनाऱ्याला ओढलं की बायका गोल बसून मासळी निवडतात, बांगडे इकडे, तारल्या तिकडे, खेकडे बाजूला, अगदी तस्सं. मी जेवणाचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचो. पुष्कळदा आवरण्यासारखं काही नसायचंच, कालच आवरलेलं असायचं. तरी लावायचो. घरात कुणीतरी काहीतरी निवडत बसलंय, एवढंच हवं होतं.

चंद्राक्का यायची टोपली घेऊन, वाटेत कुणी भेटेल त्याची थट्टा करत. एकदा तिने खिडकीतून पडद्यावरचे मासे बघितले. यंत्र रिकामं राहिलं की आपोआप मासे पोहायला लागायचे, असा तो एक प्रोग्राम होता. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. ती टोपली खाली ठेवून पाच मिनिटं बघत राहिली.

"ह्ये खंयचे रे भाई?"

"परदेशातले, आक्का."

"खाऊक चलतत?"

"नाही. नुसते बघायचे."

"मगे मेल्या, दर्या पाठीमागे टाकून हयसर पेटीत कित्या बघतंस?" मग आत डोकावून, आवाज उतरवून, "वयनी कधी येतली?"

"येतील. भावजयीचं ऑपरेशन आहे ना."

"पावसात झाला तां? अजून टाके ओलेच?" असं म्हणून तिने चार बांगडे पायरीवर टाकले, पैसे न घेता, आणि मागे न बघता गेली. चंद्राक्काने पैसे सोडले तेव्हा मला कळलं की गावाला सगळं माहीत आहे.

त्या सीडीवरचे प्रोग्राम फुकट असत, पण तीस दिवस. पुढे ते उघडेनात, पैसे भरा म्हणत. मी एक युक्ती काढली. मुदत संपायला आली की कॉम्प्युटरचं घड्याळच मागे न्यायचं. त्याला बिचाऱ्याला काय कळतंय? तारीख मागे घेतली की तो पुन्हा तीस दिवस आनंदाने काम करी. अशाने बाहेर श्रावण आला, गणपती येऊन गेले, भातं पोटरीला येऊन पिवळी पडली, दिवाळी झाली, आणि माझ्या कॉम्प्युटरात कायम जून राहिला. त्याच्या हिशेबाने वत्सलाला जाऊन कधीच महिना उलटला नाही.

या अशा जूनमध्ये मी असताना बाहेर कौल झाला आणि गावपळण ठरली.

तुम्हाला माझी पंचाईत कळली असेल. पाच महिने जो माणूस फोनपासून हलला नाही, त्याला तीन दिवस घराला कडी लावून निघायचं होतं. आणि वत्सला पडली घाटावरची. लग्न होऊन आल्यापासून तिने गावपळणी पाहिल्या होत्या, झोपडीत भाकऱ्या थापल्या होत्या, पण गावपळणीचे दिवस काही तिच्या डोक्यात बसले नव्हते. मुंबईतला आमचा माणूस या दिवसांत गावी फोन करत नाही, त्याला ठाऊक असतं. ती करील. नेमका तेव्हाच करील. घंटा वाजत राहील, आणि ती समजेल, हा उचलत नाही.

दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. मग मासिकाच्या सीडीतच उपाय सापडला. आवाज टिपायचा प्रोग्राम. हलक्या दर्जात टिपलं तर तीन दिवसांचा आवाज मावू शकत होता, पण त्यासाठी डिस्क रिकामी हवी. मी सगळं पुसलं. जत्रेची हँडबिलं गेली, निळे-पिवळे मासे गेले, माझे सगळे उत्तम जुळलेले जन्म गेले. कर्ण्याच्या दोन मोठ्या बॅटऱ्या आणून जोडल्या, कारण आमच्याकडे वीज संध्याकाळी फिरायला जाते. भजनाचा उत्तम माइक आढ्याला दोरी बांधून फोनच्या डोक्यावर टांगला. लांबून बघितलं तर फोन आता भाषण करणार असं वाटत होतं.

पण गावपळणीत घरात असं काही चालू ठेवायचं का? नियम मोडून मला काही करायचं नव्हतं. मी गेलो तात्यांकडे. तात्या गावचे मानकरी. काय चालतं, काय नाही, हे तेच सांगत. माइकाचं काही बोललो नाही, एवढंच विचारलं, कॉम्प्युटर घरात ठेवला तर चालेल का. तात्यांनी पान लावता लावता विचार केला.

"भाई, जेका भूक लागता तो जीव. जीव गावात ऱ्हवाचो नाय. तुझ्या यंत्राक भूक लागता?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "लागता. लाईट खाता."

"मगे घेवन चल तेका."

झालं! पण तात्यांनी, आणि तात्यांनीच काय, सगळ्या गावाने कॉम्प्युटर म्हणून जे पाहिलं होतं, तो होता टीव्हीसारखा दिसणारा पडदा. तोच उजळायचा, त्यातच मासे पोहायचे. खाली पलंगाखाली सरकवलेली पत्र्याची पेटी हा खरा कॉम्प्युटर, आणि वर आहे तो त्याचा नुसता चेहरा, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी माझ्या मनाशी हिशेब केला. तात्या ज्याला यंत्र समजतात ते मी नेतोय. देवाला खरं-खोटं काय ते ठाऊकच आहे, तो अडवायचा तर अडवील.

नगारा वाजला. गाव निघाला. म्हशींच्या मागे कोंबड्यांचे झाप, कोंबड्यांच्या मागे पोरं, आणि सगळ्यांच्या मागे मी, वत्सलाच्या गोधडीत गुंडाळलेला पडदा पोटाशी धरून. बायका म्हणत होत्या, "भाईन बघ कसो तान्ह्या पोरासारखो उचललान हा." मी मान डोलावत होतो. निघताना पलंगाखाली बारीक हिरवा दिवा लुकलुकताना पाहिला होता. कडी लावताना त्याला म्हटलं, घर सांभाळ.

माळावरची पहिली संध्याकाळ. झोपडीसमोर मी पडदा एका पिंपावर ठेवला होता, भिजू नये म्हणून. जरा वेळाने बघतो तर समोर चाळीस-पन्नास माणसं मांडी घालून बसलेली. तात्या मध्ये, सतरंजीवर.

"लाव रे भाई. बघूया तरी काय असता तां."

"तात्यानू, लाईट नाय."

"मगे आणलंस कित्या?"

आता काय करणार? समोर प्रेक्षक, मागे पडदा, आणि मी जातीचा नट. पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र वर धरून गोष्ट सांगतात, तसा मी त्या काळ्या काचेसमोर उभा राहिलो आणि बोट ठेवलं. "ह्या बघा, ह्यो कुंडलीवालो. ह्यो सांगता, बाबा रे, लगीन करू नको." लोक हसले. मग व्हायरसवाला झालो, कंदील घेऊन प्रत्येकाच्या कानात, टोपीत, पदराखाली वाकून धोका शोधला आणि तात्यांच्या पानाच्या चंचीपाशी येऊन किंचाळलो. मग आवरणारा झालो, पोरांना उचलून उंचीप्रमाणे रांगेत लावलं. चंद्राक्का ओरडली, "भाई, ते मासे दाखव!" मी मासा झालो. दोन्ही हात कल्ल्यांसारखे हलवत पिंपाभोवती पोहलो.

कुणीतरी मागून म्हणालं, "काळी काच नुसती, दिसता खंय काय?"

"दशावतारात समुद्र दिसता खंय?" मी वळून म्हटलं. "एक बाकडा असता. तोच राजवाडो, तोच डोंगर, तोच समुद्र. तरी तू रडतंस ना?"

तात्यांनी मांडीवर थाप मारली. आणि तेवढ्यात कुणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. हात कल्ल्यांसारखे तसेच. मी खाडीपलीकडे बघत होतो, जिथे आमची वाडी अंधारात नारळींखाली बसली होती, दिवा नसलेली, माणूस नसलेली. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. टाळ्या पडल्या.

त्या तीन दिवसांत एवढ्या माणसांत मी होतो. पाठीला पाठ लावून जेवलो, भजनात ओरडलो, झोपडीच्या झावळीतून शेजारच्याचं घोरणं ऐकलं. पाच महिने घरात एकटा होतो तेव्हा जितका एकटा नव्हतो, तितका तिथे. घरात निदान फोन होता.

देवाने 'या' म्हटलं आणि गाव परतला. मी गुरांच्याही आधी घरी पोचलो. हिरवा दिवा चालू. बॅटऱ्यांची गरजच पडली नव्हती. गाव रिकामा म्हटल्यावर विजेला खोडी काढायला कुणी उरलं नसावं, ती एकदाही गेली नाही. पडदा जोडला, आवाजासाठी एक कर्णा जोडला, प्रोग्राम थांबवला, आणि ऐकायला बसलो. तेव्हा कुठे लक्षात आलं, की तीन दिवसांचा आवाज ऐकायला तीन दिवस लागतात.

ऐकू लागलो, झालं. दूर समुद्राची गाज. भिंतीवरचं घड्याळ. पाल. कौलावर नारळ पडला, मी वर बघितलं, जसा आत्ताच पडला. भारद्वाज घुमला. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग चक्क मांजर. गावात मांजर राहिलं होतं! माझ्या स्वयंपाकघरात येऊन काहीतरी पाडून गेलं. हे मी तात्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

आमच्याशिवाय आमचं घर कसं राहतं ते मी ऐकत होतो. चांगलं राहत होतं. त्याचं काही अडलं नव्हतं.

त्या प्रोग्रामात आवाज रेघेसारखा दिसायचा. शांतता म्हणजे सरळ रेघ, आवाज म्हणजे काटे. मी रेघ पुढे ढकलत गेलो. सरळ, सरळ, नारळाचा एक सुळका, पुन्हा सरळ. आणि दुसऱ्या दिवसाच्या दुपारी एका जागी काटे आले, ते कंगव्यासारखे. सारख्या उंचीचे, सारख्या अंतराचे. निसर्गात असं काही नसतं. मी तिथे नेऊन सोडलं आणि फोन वाजला.

मी झडप घालून रिसीव्हर उचलला. "हॅलो!" आत नुसता टोन. आणि कर्ण्यातून घंटा वाजतेच आहे. मी माझ्याच फोनच्या दोन दिवस जुन्या घंटेला उत्तर देत होतो. घंटा वाजली, वाजली, संपली. जरा पुढे पुन्हा कंगवा. तोही शेवटपर्यंत. आणि आणखी पुढे तिसरा, पण त्याचे दातच मोडलेले. दोनच घंटा, आणि बंद. तिन्ही वेळा माझा हात फोनवर गेला. ठाऊक असून.

तीन फोन. मंडपवाल्याला एवढ्या चिकाटीने कुणी फोन करत नाही. गावात मेलं कोणी नव्हतं, लग्न कुणाचं ठरलं नव्हतं. 'तुम्ही करू नका' असं तिने सांगितलं होतं. मी कोल्हापूरचा नंबर फिरवला.

"हॅलो." तीच.

"मी बोलतोय."

"मी सांगितलं होतं ना, फोन करू नका म्हणून."

"हो. एकच विचारायचं होतं. तू केला होतास का, मधे?"

"छे. मी कशाला करतेय?"

"बरं. नाही, कुणीतरी पाचदा केला होता. म्हटलं विचारावं."

"पाचदा कुठला? तीनदाच तर..."

एसटीडीचा मीटर पळत होता. मी पळू दिला. नटाला कुठे थांबायचं ते कळतं.

"मग उचलला का नाही?" ती म्हणाली. आवाज एकदम बारीक. "मला वाटलं, समोर बसून वाजू देताय."

"गावपळण होती, वत्सला."

"अगंबाई," ती म्हणाली. "विसरलेच की मी." मग, "पण तुम्ही घरात नव्हता तर कळलं कसं?"

मी सगळं सांगितलं. बॅटऱ्या, माइक, गोधडीतला पडदा, पिंपाभोवतीचा मासा. ती हसली. पाच महिन्यांनी हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "म्हणजे घरात कुणी नव्हतं तेव्हा कान ठेवून गेलात. आणि मी होते तेव्हा?"

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.   मग तिनेच सोडवलं. "तिसऱ्यांदा मीच ठेवला. दोन घंटा झाल्या आणि वाटलं, उचललात तर? काय बोलायचं, सुचेना."

शिमग्याला ती आली. बॅग घेऊन, आणि कॉम्प्युटरासाठी कोल्हापूरहून प्लास्टिकचं आवरण घेऊन. पुढची वर्षं मी फार बाहेर गेलो नाही, फोनसाठी नव्हे. ती चित्राचा प्रोग्राम शिकली आणि त्यात रांगोळ्या काढायला लागली, ठिपके मोजत, पुटपुटत. पत्त्यांचा डाव लावायची आणि हरायला आली की खुशाल मागची चाल परत घ्यायची. "हे चालत नाही," मी म्हणायचो. "घड्याळ मागं नेणाऱ्यानं बोलू नये," ती म्हणायची. इंटरनेट घेतलं. फोन एंगेज लागायला लागला. खुशाल लागू दिला.

दोन पावसांमागे ती गेली. या वेळी कोल्हापूरला नव्हे.

आता सगळ्यांकडे मोबाइल आहे, माझ्याकडेही. घरचा फोन काढून टाक असं मुलीने दोनदा सांगितलं. त्याचं भाडं मी भरतो. कॉम्प्युटर नवा आहे, चपटा, त्यात महिनाभराचा आवाज सहज मावेल. तिच्या रांगोळ्या त्यात आहेत. तीन दिवसांचं ते टिपण पूर्ण नाही ठेवलं, पण तीन कंगवे कापून ठेवलेत. फार कधी लावत नाही.

हे एवढं लिहून ठेवलं आणि नगारा वाजला, म्हणून पुढचं माळावर बसून लिहितोय. या वेळी काही टिपायला लावलेलं नाही. कॉम्प्युटर सगळाच्या सगळा बंद करून आलो. तात्यांची नव्वदी जवळ आली, त्यांना खुर्चीसकट आणलंय. मला बघून म्हणाले, "भाई, तुझा यंत्र जेवता काय रे अजून?" म्हटलं, "उपास आसा तेचो." चंद्राक्का टोपलीशिवाय बसली होती, आता तिला झेपत नाही. तिने मला जवळ बोलावून नुसता हात धरला आणि खाडीपलीकडे बघत राहिली. आपण बाहेर, ते आत. 

संध्याकाळी पाठीमागच्या टेकाडावर गेलो. तिथे रेंज मिळते. खाली झोपड्यांतून धूर, भजनाची तयारी, पोरांचा गलका. पलीकडे आमची वाडी, एकही दिवा नाही. मी मोबाइल काढला आणि माझ्या घरचा नंबर लावला.

घंटा जायला लागली. कानात ती बारीक येते, पण मला ती तिथली ऐकू येत होती, बैठ्या बेडकाची, मोठी, घड्याळाच्या वरची, पार स्वयंपाकघरापर्यंत जाणारी. वाजू दिली, संपेपर्यंत. मग पुन्हा लावला. पुन्हा संपेपर्यंत.

तिसऱ्यांदा लावला आणि दोन घंटा होताच घाईने ठेवून दिला. वाटलं, उचलला तर? काय बोलायचं, सुचेना.